पंचवीस तासांचा रविवार

एसटीत एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची चौदा वाहतूक नियंत्रक म्हणून. गाडी फलाटावर कधी लागली, कधी सुटली, कोणता ड्रायव्हर सकाळपासून स्टिअरिंगवर आहे, मुक्कामी गाडी पहाटे कितीला निघणार, हेच आयुष्यभर लिहीत आलो. घरात कुणी "येतो जरा वेळानं" म्हटलं, की माझ्या तोंडून अजूनही निघतं, "म्हणजे किती वाजता?" बायको कपाळावर हात मारते.

भाचा कॅलिफोर्नियात ट्रक चालवतो. महिनाभर त्याच्याकडे राहायला गेलो, तेव्हा म्हणाला, "मामा, गोल्डन गेट सगळेच बघतात. तुम्ही माझ्यासोबत एक ट्रिप मारा." तिथं ट्रकमध्ये माणूस असा सहज बसवता येत नाही, कंपनीची लेखी परवानगी लागते. त्यानं ती काढली. माझं नाव, कुठून कुठपर्यंत, परवानगी कधी संपते, सगळं त्या कागदावर होतं. असा कागद बघितला की मला बरं वाटतं.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर २०२५ : डिलेनो ते बार्स्टो

माल द्राक्षांचा. डिलेनो म्हणजे तिथलं तासगावच म्हणा ना. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मैलोन्‌मैल वेली, काहींवर अजून प्लॅस्टिक पांघरलेलं. १९६५ साली इथल्या द्राक्षमजुरांनी पुकारलेला संप पाच वर्षं चालला होता. आधी फिलिपिनो मजूर उठले आणि आठवड्याभरात मेक्सिकन मजूर त्यांना येऊन मिळाले.

शीतगृहात अकराची वेळ दिलेली, माल भरून झाला पाचला. हॅलोविनचा दिवस, त्यामुळे फोर्कलिफ्टवाल्याच्या डोक्यावर चेटकिणीची काळी टोपी. तो तसाच गंभीर चेहऱ्यानं पॅलेट आत सारत होता. सहा तास आम्ही डॉकला. एवढ्या वेळात भाच्यानं मला ती पाटी शिकवली.

पाटी म्हणजे डॅशबोर्डवरचा टॅब. त्याला इंजिनातून वायर आलेली. या यंत्राला सगळे इएलडी म्हणतात. डिसेंबर २०१७ पासून तिथल्या बहुतेक लांब पल्ल्याच्या ट्रकना ते सक्तीचं झालं. त्याआधी कागदी लॉगबुक असायचं आणि जुने ड्रायव्हर त्याला 'कॉमिक बुक' म्हणायचे, कारण त्यातल्या गोष्टी वाचून हसू यायचं. पडद्यावर चार आडव्या ओळी : ऑफ ड्यूटी, स्लीपर म्हणजे मागच्या बंकवर, ड्रायव्हिंग, आणि गाडी न चालवता काम. उभे रकाने चोवीस. माणूस ज्या अवस्थेत असेल त्या ओळीतून रेघ पुढे सरकते. गाडीनं ताशी पाच मैलांचा वेग पकडला, की यंत्र आपणहून ड्रायव्हिंग लावतं. तिथं कुणाचं काही चालत नाही.

"आणि नियम काय?" मी विचारलं.

"सलग दहा तास आराम झाला की चौदा तासांचा क्लॉक सुरू. त्या चौदात गाडी अकराच तास चालवायची. आठ तास ड्रायव्हिंग झालं की अर्धा तास ब्रेक. आणि आठ दिवसांत सत्तर तास भरले की स्टिअरिंगला हात लावायचा नाही."

"डॉकवर सहा तास बसलास ते?"

"चौदातनंच गेले, मामा. क्लॉक थांबत नाही."

नोव्हेंबर २०२५ पर्यंत आपल्याकडं १९६१ चा मोटार ट्रान्सपोर्ट वर्कर्स कायदा होता. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, आणि मधली विश्रांती धरून सगळी ड्यूटी बारा तासांच्या आत. त्यातला हा मधली विश्रांती धरायचा मुद्दा नव्या ड्रायव्हरला समजावताना माझा घसा बसायचा. इथं यंत्र न बोलता समजावतं.

माझ्या मनगटावर जुनं एचएमटी, रोज चावी देतो. अमेरिकेत उतरल्यापासून त्याचे काटे मी हलवले नव्हते. ते कराडची वेळ दाखवत होतं. बायकोची रक्तदाबाची गोळी घेऊन झाली का, हे कळायला तेच सोयीचं. गंमत अशी की कॅलिफोर्नियाची उन्हाळी वेळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे. यातले बारा तास काट्यांना कळतच नाहीत. म्हणजे माझं घड्याळ तिथल्या घड्याळाच्या फक्त अर्धा तास पुढे दिसायचं. ही अर्ध्या तासाची गोष्ट लक्षात असू द्या.

सव्वापाचला निघालो. टेहाचापीच्या घाटात ओळीनं पवनचक्क्या, अगदी चाळकेवाडीच्या पठाराची आठवण व्हावी अशा. मोहावेच्या पुढं वाळवंटात मिट्ट काळोख. पावणेनऊला बार्स्टोत थांबलो. क्लॉकवर अजून तीन तास बाकी होते, पण रात्री नऊनंतर ट्रकला उभं राहायला जागा मिळत नाही. मिळाली तिथं गाडी लावायची आणि झोपायचं.

शनिवार, १ नोव्हेंबर : बार्स्टो ते होलब्रुक

सकाळी आठला निघालो. बार्स्टोपासून आय-४० सुरू होतो. नीडल्सपर्यंत दगड, खुरटी झुडपं आणि शेजारून जाणारी लांबलचक मालगाडी. मी डबे मोजायला लागलो, एकशे वीसनंतर सोडून दिले. पुढे कोलोरॅडो नदीवरचा पूल. पलीकडे अ‍ॅरिझोना.

"इथं घड्याळ पुढे करायचं का?" मी विचारलं.

"आज नाही. उद्यापासून."

मग पुढचा तासभर हाच विषय. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात, दोन्ही वेळा पहाटे दोनला. म्हणजे आज रात्रीच. १९६६ साली त्यासाठी देशभराचा कायदा झाला. अ‍ॅरिझोनानं एक उन्हाळा ते करून बघितलं आणि १९६८ साली सोडून दिलं. फिनिक्सच्या उन्हात संध्याकाळी आणखी तासभर सूर्य कुणाला हवाय? त्यामुळे उन्हाळाभर अ‍ॅरिझोना कॅलिफोर्नियाबरोबर असतं आणि हिवाळ्यात एक तास पुढे. अ‍ॅरिझोना जागच्या जागीच, हलतात ते शेजारी. अ‍ॅरिझोनाच्या ईशान्य कोपऱ्यातलं नावाहो नेशन, म्हणजे नावाहो आदिवासींचा स्वायत्त मुलूख, मात्र घड्याळ बदलतं, कारण त्यांचा मुलूख न्यू मेक्सिको आणि युटातही पसरलाय. त्या नावाहो मुलखानं चारी बाजूंनी वेढलेले होपी लोक बदलत नाहीत.

मी म्हटलं, "अरे, यात ड्रायव्हर लॉगवर कुठली वेळ लिहिणार?"

"घरच्या टर्मिनलची, म्हणजे आगाराची. आमचं टर्मिनल कॅलिफोर्नियात, म्हणजे मी न्यूयॉर्कला गेलो तरी माझा लॉग कॅलिफोर्नियाच्या वेळेत. ट्रक फिरतो, लॉग घरीच असतो."

किंगमनला एका मागच्या टायरची हवा उतरलेली निघाली. टायरवाल्याकडे तीन तास गेले. भाच्यानं तो वेळ 'काम' या ओळीत टाकला, कारण गाडीची दुरुस्ती करून घेणं हीसुद्धा ड्यूटी. आमच्याकडे ब्रेकडाऊनची नोंद वेगळी असायची, पण हिशेब हाच.

फ्लॅगस्टाफ दोन हजार मीटरवर, पाइनची झाडं आणि बोचरी थंडी. तिथून उतार. दिवस मावळता मावळता उजव्या हाताला दूर एक बुटकी, सपाट कड दिसली. भाचा म्हणाला, "तो मीटिऑर क्रेटर." उल्केनं पाडलेला सव्वा किलोमीटर रुंदीचा खड्डा. आपलं लोणार त्याहून मोठं, पण तिथं पाणी आणि मंदिरं आहेत, इथं कोरडा खड्डा. ट्रक घेऊन तिकडे वळता येत नाही. ती कड अंधारात जाईपर्यंत बघत राहिलो.

बरोबर सात वाजून वीस मिनिटांनी होलब्रुकच्या ट्रकस्टॉपवर भाच्यानं 'स्लीपर'चं बटण दाबलं. माझ्या घड्याळात सात-पन्नास. मी वहीत लिहिलं.

त्या सात-वीसला महत्त्व होतं. माल सोमवारी सकाळी सातला ओक्लाहोमा सिटीत द्यायचा. त्यासाठी रविवारी संध्याकाळपर्यंत अमरिलोत पोचून, तिथं पुन्हा दहा तास झोपून पहाटे अडीचला निघायला हवं. टायरनं तीन तास खाल्ले नसते तर ऐसपैस होतं. आता होलब्रुकमधून दहा तास होताक्षणी निघणं भाग होतं.

कॉफी घ्यायला आत गेलो. गल्ल्यावरची बाई नावाहो होती. तिचं घर उत्तरेला नेशनमध्ये, नोकरी इथं. होलब्रुक नावाहो काउंटीचं मुख्य गाव, पण नावाहो नेशनच्या हद्दीबाहेर. म्हणजे उन्हाळाभर तिच्या घरचं घड्याळ नोकरीच्या घड्याळाच्या एक तास पुढे. घरातून साताला निघाली तर सातच्या आतच कामावर हजर! भाच्यानं तिला उद्याचं विचारलं, तर हसून म्हणाली, उद्यापासून मार्चपर्यंत स्वयंपाकघरात एकच घड्याळ पुरेल.

आमच्या शेजारी इंडियानाचा ट्रक उभा होता. ड्रायव्हर जालंधरचा, वय पन्नाशीचं. भाचा त्याला पाजी म्हणाला, मीही म्हणालो. त्याचं टर्मिनल पूर्वेच्या वेळेत, त्यामुळे त्याच्या लॉगवर रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. त्यानं आपली मार्चमधली फजिती सांगितली. रात्री आठला गाडी लावली, सकाळी सहाला आंघोळ करून तयार. घड्याळाच्या हिशेबानं दहा तास. यंत्र म्हणालं, नऊ. मधला एक तास रात्री दोनला गायब झालेला. "एक घंटा स्टिअरिंग पकडून बसलो," तो म्हणाला. "निघालो असतो तर व्हायोलेशन." कागदी लॉगच्या काळात असा तास कितीजणांनी नकळत चोरला असेल कुणास ठाऊक. कितीजणांनी कळून.

वरच्या बंकवर झोप येईना. आजोबा आठवले. ते लालबागला गिरणीत होते आणि त्यांच्या बोलण्यात 'मुंबई टाईम' आणि 'स्टँडर्ड टाईम' असे दोन टाईम असायचे. १९०६ साली देशाची प्रमाणवेळ आली, पण मुंबईनं स्वतःची वेळ सोडली नाही. ती एकोणचाळीस मिनिटं मागे असायची आणि पुढे कित्येक वर्षं मुंबईत चालली. शिवाय दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते ४५, सगळ्या हिंदुस्थानचं घड्याळ तासभर पुढे केलेलं. त्याला आजोबा 'लढाईचा टाईम' म्हणायचे. भोंगा कुठल्या टाईमाला वाजतो एवढंच आपल्याला ठाऊक असायला हवं, असं त्यांचं म्हणणं.

पावणेदोनला उठलो. तीस वर्षं वेळ लिहिली, पण वेळ मागे जाताना कधी बघितली नव्हती. रग गुंडाळून पुढच्या सीटवर बसलो आणि भाच्यानं शिकवल्याप्रमाणे टॅबचा पडदा जागा केला. बाहेर शंभरेक ट्रक, रीफरची म्हणजे शीतयंत्रांची घरघर. टॅबवर १:५७, मनगटावर २:२७. १:५८. १:५९. मग १:००.

बस्स. आवाज नाही, काही नाही. स्लीपरच्या ओळीतली रेघ दोनच्या खुणेला टेकली होती, ती तिथंच राहिली. उजवीकडची तासांची बेरीज मात्र वाढत होती. वीस मिनिटं बघितलं आणि वर जाऊन गाढ झोपलो.

रविवार, २ नोव्हेंबर : होलब्रुक ते अमरिलो

भाचा गजर लावून उठला. ट्रकस्टॉपच्या घड्याळात पाच-वीस. फोनमध्ये पाच-वीस. माझ्या मनगटावर पाच-पन्नास, म्हणजे तोच नेहमीचा अर्धा तास. टॅबवर मात्र चार-वीस.

मी वहीत बघितलं. सात-वीसला झोपला, चार-वीसला उठला. बोटांवर मोजलं. नऊ तास.

"अरे, एक तास कमी भरतोय."

त्यानं टॅब माझ्याकडे वळवला. रविवारच्या पानावर स्लीपरची रेघ बारापासून चार-वीसपर्यंत. चार रकाने आणि वर थोडं. आणि त्याच ओळीच्या उजव्या टोकाला आकडा : ५:२०.

"आतून हे यंत्र यूटीसीवर चालतं, मामा. जगाची एकच वेळ, ती ना उन्हाळ्यात बदलते ना हिवाळ्यात. आपल्याला दाखवताना तेवढी कॅलिफोर्नियाची करून दाखवतं. मोजतं मात्र तिकडच्यावर."

मी मनगट वर केलं. रात्री सात-पन्नास, आता पाच-पन्नास. दहा तास, चोख. कराडची वेळही कुठल्याच ऋतूत हलत नाही. त्याच्या महागड्या यंत्रात जे बसवलंय, तेच माझ्या चावीच्या घड्याळात होतं. माझं दिवसाला मिनिटभर मागे पडतं, पण तिथल्या नियमातही यंत्राला यूटीसीपासून दहा मिनिटांपर्यंतची सूट आहे. म्हणजे आठवडाभर तरी मी पास.

"शेरा लिही," मी म्हटलं.

"गरज नसते, मामा. सिस्टीमला कळतं."

"सिस्टीमला कळतं रे. बघणाऱ्याला कळायला नको? शेरा लिही."

त्यानं लिहिला. घड्याळ एक तास मागे, प्रत्यक्ष आराम दहा तास. लिहिताना तोंड वाकडं होतं, पण लिहिला.

पेंटेड डेझर्ट अंधारातच मागे पडलं. रंगीत वाळवंट म्हणून ज्याची एवढी ख्याती, त्याचा रंग मला काळा दिसला. उजाडलं ते लप्टनला, राज्याच्या हद्दीवर. रस्त्यालगत तांबड्या दगडाचे उभे कडे, आणि उन्हाची पहिली पट्टी फक्त त्यांच्या माथ्यावर. शनिवारी आलो असतो तर इथवर येताना घड्याळ एक तास पुढे गेलं असतं. आज न्यू मेक्सिकोच मागे येऊन अ‍ॅरिझोनाच्या शेजारी उभं होतं. अमेरिकेत सगळीकडं एकदम घड्याळ फिरत नाही. ज्या पट्ट्यात पहाटेचे दोन वाजतील तो पट्टा तेव्हा फिरतो. त्यामुळे काल मध्यरात्रीनंतर एक तास असा होता, की न्यू मेक्सिको आणि कॅलिफोर्नियात एकच वेळ होती. युरोपात हे प्रकरण सुटसुटीत. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी यूटीसी एक वाजता सगळे एकदम. तिथल्या ट्रकमधला डिजिटल टॅकोग्राफ, म्हणजे त्यांचं नोंदयंत्र, तर नोंदही यूटीसीतच ठेवतो. ड्रायव्हरनं आपली वेळ आपण जुळवून वाचायची.

गॅलपच्या नाक्यावर आम्हाला बाजूला घेतलं. माझ्या पोटात गोळा. भाच्यानं टॅबवरून लॉग पाठवला. आजचा आणि मागच्या सात दिवसांचा. अधिकाऱ्यानं आपल्या पडद्यावर बघितलं. मी त्याच्या बोटांकडे बघत होतो, रात्रीचे तास मोजतोय का म्हणून. त्यानं मोजले नाहीत. होम टर्मिनल कुठलं एवढंच विचारलं, "कॅलिफोर्निया" ऐकून मान हलवली. शेरा उघडलासुद्धा नाही. मग माझ्याकडे वळला. हे कोण? मामा. परवानगी? तो कागद त्यानं पुढून मागून, तारखेसकट वाचला. वीस मिनिटं त्यातच गेली. लॉगला दोन.

पुढचा रस्ता लांब. पाणलोटाची सीमा ओलांडली. इथून पडणारं पाणी एका बाजूला प्रशांत महासागराकडे, दुसऱ्या बाजूला अटलांटिककडे जातं. अल्बुकर्क, मग सपाट गवताळ माळ. अर्ध्या तासाच्या ब्रेकमध्ये कालच्या पोळ्या आणि लोणचं. टेक्सासची हद्द ओलांडली तसा फोन एक तास पुढे सरकला. टॅबवर ढिम्म हालचाल नाही. अमरिलोत पोचलो तेव्हा बाहेर सव्वाचार, टॅबवर सव्वादोन. भाचा खिडकीच्या पडद्याला टाचण्या लावून उन्हातच झोपला.

सोमवार, ३ नोव्हेंबर : अमरिलो ते ओक्लाहोमा सिटी

पहाटे अडीचला, निघायच्या आधी, त्यानं रविवारचा लॉग सहीसाठी उघडला. कॅलिफोर्नियात मध्यरात्र उलटून अर्धा तास झाला होता, म्हणजे रविवार आता कुठं संपला होता. मी चष्मा लावला. ऑफ ड्यूटी ०:३५. स्लीपर १५:०५. ड्रायव्हिंग ८:४०. काम ०:४०. वहीत चारही मांडून बेरीज केली. दोनदा केली. पंचवीस.

आगारात कुणी पंचवीस तासांचा दिवस माझ्या टेबलावर आणला असता तर मी त्याला कागद परत दिला असता. भाच्यानं सही केली आणि गिअर टाकला.

पावणेसातला ओक्लाहोमा सिटीच्या गोदामाच्या फाटकावर. आत कारकुनानं एक पेटी उघडून घडातल्या मण्यात थर्मामीटर खुपसला, आकडा बघून मान डोलावली आणि पावतीवर वेळ लिहिली, ६:४५. भाच्याच्या टॅबवर ४:४५. माझ्याकडे ६:१५, संध्याकाळचे. मी वहीत तिन्ही लिहायला घेतल्या.

तेवढ्यात फोन वाजला. बायको. कालपासून माझा फोन नाही म्हणून. मी रोज कॅलिफोर्नियाच्या संध्याकाळी सातला करायचो, तिच्याकडे सकाळी साडेसात.

"आता घड्याळं बदलली म्हणे," ती म्हणाली. "मग फोन करणार किती वाजता?"

"करतो जरा वेळानं," मी म्हणालो. पलीकडं ती हसायला लागली.